आधी सेन्सर तपासा, मग फुप्फुसं

हवेतल्या धुळीचा फुप्फुसांवरचा परिणाम प्रबंधासाठी अभ्यासायला स्वस्त सेन्सर पुरेसे आहेत, असं एका लेखात म्हटलंय. पुरेसे आहेत, पण कॅलिब्रेशननंतरच, म्हणजे त्यांचे आकडे अचूक संदर्भ उपकरणाशी जुळवून घेतल्यावरच. हे सेन्सर कणांचं वजन करत नाहीत, कणांवरून विखुरलेला प्रकाश मोजतात. सापेक्ष आर्द्रता साधारण ७५-८० टक्क्यांच्या वर गेली की कण पाणी शोषून फुगतात आणि पीएम २.५चा (२.५ मायक्रोमीटर किंवा त्याहून लहान कणांचा) आकडा खऱ्यापेक्षा बराच जास्त येतो. म्हणून सगळे सेन्सर संदर्भ उपकरणाशेजारी किमान दोन आठवडे ठेवा आणि ऋतू बदलला की पुन्हा ठेवा. कोरड्या दिवसांत बसवलेलं दुरुस्तीचं समीकरण दमट हवेत टिकत नाही.

प्रबंध खरा घसरतो तो पुढच्या पायरीवर. नोंदींवरून अंदाज बांधणारं मॉडेल तयार करताना तासातासाच्या नोंदी यादृच्छिकपणे ट्रेनिंग (मॉडेलला शिकवायच्या) आणि टेस्ट (ते तपासायच्या) अशा गटांत वाटल्या जातात. लागोपाठच्या दोन तासांची हवा जवळपास सारखीच, म्हणजे मॉडेलला उत्तर आधीच दिसलेलं असतं. सलग आठवडे बाजूला ठेवून त्यांवर तपासा. जमलं तर एक अख्खं ठिकाण.

स्पायरोमेट्रीत, म्हणजे नळीत जोरात फुंकून करायच्या फुप्फुसांच्या चाचणीत, किमान तीन स्वीकारार्ह प्रयत्न हवेत आणि एफईव्ही-१च्या (पहिल्या सेकंदात जोरात बाहेर सोडलेल्या हवेच्या) सर्वांत मोठ्या दोन मोजमापांत १५० मिलिलिटरपेक्षा जास्त फरक नको. नैतिकता समितीची मंजुरी अर्थातच पहिल्या सहभागीच्या आधी.

सेन्सरमधली यादृच्छिक चूक बहुतेक वेळा परिणाम लहान करून दाखवते. त्यामुळे ‘संबंध आढळला नाही’ असं लिहिण्याआधी ती चूक किती मोठी आहे हे मोजाच. आणि घड्याळं जुळवा: सेन्सर यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) आणि सहभागीची डायरी स्थानिक वेळेवर असेल, तर सगळी जुळणी काही तासांनी सरकते.