भावोजींचा डावा कान

पाचशे रुपये काही मोठी रक्कम नाही, हे मलाही कळतं. पण गुरुवारी ते माझ्या बिलातून वजा झाले, आणि वजा करताना जे कारण सांगितलं गेलं ते अजून कानात घुमतंय.

"फॉल्ट आम्ही शोधला, मॅडम. तुम्ही नुसती बटणं दाबलीत."

मी ऑडिओलॉजिस्ट आहे. नौपाड्यात पहिल्या मजल्यावर माझ्या दोन खोल्या आहेत, मध्ये प्लायवुडची भिंत. बांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत चार वर्षं घासून डिग्री घेतली, तरी इमारतीतले लोक मला "मशीनवाली बाई" म्हणतात. लोकांचा समज असा, की कानाचं मशीन म्हणजे चप्पल. नऊ नंबरची द्या, घालून बघतो, चावली तर बदलून द्या. मशीन कोरं येतं आणि त्यात माणसाचा कान भरावा लागतो, हे सांगितलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर "आता ही पैसे वाढवणार" असा भाव उमटतो.

भरायचा म्हणजे काय? आधी २५० ते ८००० हर्ट्झपर्यंतचे सूर ऐकवून आलेख काढायचा. उजव्या कानाला लाल गोल, डाव्याला निळी फुली. मग तो आलेख सॉफ्टवेअरला दाखवायचा. कुठल्या पट्टीतला आवाज किती वाढवायचा, ते सॉफ्टवेअर एखाद्या सूत्रावरून ठरवतं. एक सूत्र ऑस्ट्रेलियाचं, एक कॅनडाचं. ठाण्याच्या माणसाला गोखले रोडवर भाजीवालीचा भाव ऐकू यावा यासाठी दोन खंड राबतात, पण त्याचं कौतुक कुणाला?

शिवाय दर कंपनीचं सॉफ्टवेअर वेगळं. एकाचं नाव टार्गेट, एकाचं जिनी, एकाचं कंपास. म्हणजे नेम धरायचा, दिवा घासायचा की उत्तर दिशा शोधायची, ते पेशंटच्या मशीनवर ठरतं. ही सगळी मंडळी नोआ नावाच्या एका डॅनिश प्रणालीत एकत्र नांदतात. पेशंटची नोंद एकाच जागी राहावी म्हणून ती सोय. बायबलमधल्या नोआनेही परस्परांना खाऊ शकणारे प्राणी एकाच तारवात भरले होते. फरक एवढाच, की त्याला दर महिन्याला विंडोज अपडेट येत नव्हतं.

तर गुरुवारी सकाळी अकराला पाचपाखाडीचे आजोबा आले. वय एक्क्याऐंशी. गडकरी रंगायतनला तिसऱ्या रांगेत बसूनही नाटक मूकपट वाटायला लागलं, म्हणून दोन्ही कानांना मशीन घ्यायचं ठरलेलं. आजोबा गरीब स्वभावाचे. पण सोबत मेहुणे होते.

मेहुणे टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. वय बहात्तर, खिशाला टेस्टर. हो, निवृत्तीनंतरही टेस्टर. खुर्चीवर बसायच्या आधी त्यांनी माझा एक्स्टेंशन बोर्ड उचलून खालून पाहिला आणि "हं" म्हणाले. त्या "हं"मध्ये माझ्या सगळ्या शिक्षणाचा निकाल होता.

"यात वायर कुठे लागते?"

"काका, आता वायर नसते. हा एवढासा डाँगल लॅपटॉपला लावला की मशीन हवेतून जोडलं जातं. ब्लूटूथ."

"हवेतून," ते आजोबांकडे वळून म्हणाले. "भावोजी, हवेतून!" आजोबांना ऐकू आलं नाही. त्यांनी आदराने मान हलवली.

यापूर्वी आम्ही वायरीनेच मशीन जोडायचो. एक डबा, त्यातून निघालेल्या लाल-निळ्या केबली, आणि मशीनच्या पोटात खुपसायची नखाएवढी पट्टी. ती पट्टी तुटायची, हरवायची, पेशंटच्या स्वेटरला चिकटून डोंबिवलीला जायची. तो डबा अजून माझ्या खणात आहे. मेहुण्यांनी मला न विचारता खण उघडला, डबा बाहेर काढला आणि त्याच्याकडे असं पाहिलं, जसं कुणी जुन्या शाळेच्या इमारतीकडे पाहतं. पुढचा दीड तास तो त्यांच्या मांडीवर होता.

मी आजोबांच्या दोन्ही मशीनमध्ये नवे सेल घातले. या सेलवरचं स्टिकर काढलं की हवा आत जाते आणि सेल जागा होतो, म्हणून मिनिटभर थांबायचं असतं. त्या मिनिटात मेहुण्यांनी मला ग्रॅहॅम बेल शिकवला.

"डेसिबल कुणाचं माहीत आहे का?"

"काका, मी रोज तेच..."

"आमच्या खात्याचं! लांबच्या लाइनीवर आवाज किती गळतो ते मोजायला टेलिफोनवाल्या इंजिनियरांनी काढलेलं माप. बेलच्या नावाचं. आणि बेलची आई बहिरी, बायको बहिरी. बहिऱ्या मुलांना शिकवता शिकवता त्याने १८७६ ला टेलिफोनचं पेटंट घेतलं. म्हणजे तुमचं मशीन आमच्या टेलिफोनचं धाकटं भावंड. मशीनमध्ये फोन ऐकायचा तो 'टी' असतो ना? तो टेलिफोनचा टी."

संतापजनक गोष्ट अशी, की यातलं एकही वाक्य चूक नव्हतं. अडाणी माणूस अडाणीपणे बोलला तर सहन होतं. हा गृहस्थ बरोबर बोलत होता आणि माझी खुर्ची अडवून बोलत होता.

ते बोलत असतानाच मी "शोधा" दाबलं आणि सॉफ्टवेअरने मशीन शोधून दाखवली. तीन.

खरं तर इथेच मी थांबायला हवं होतं. आजोबांचे कान दोन, मग मशीन तीन कशी? प्रत्येक मशीनचा सीरियल नंबर सेलच्या खणाजवळ कोरलेला असतो, मुंगीने मुंगीसाठी लिहिल्यासारखा. तो भिंगातून वाचायचा, पडद्यावरच्या नंबराशी ताडायचा, मग एक उजवं आणि एक डावं म्हणून नेमायचं, असा नियम आहे. मी तोच नियम विद्यार्थ्यांना शिकवते. पण कानाशी १८७६ सालचं पेटंट चालू असताना मी वरची दोन नेमून मोकळी झाले. एक चौकट उघडली, त्यात चार ओळी होत्या. मी "ठीक आहे" दाबलं. दिवसाला अशा चाळीस चौकटी येतात. त्यातल्या अडतीस फक्त "तुम्ही नक्की माणूसच आहात ना" छापाच्या असतात. ही उरलेल्या दोनांपैकी होती. "या मशीनमध्ये आधीच दुसऱ्या पेशंटची नोंद आहे," असं ती सांगत होती, हे मला नंतर कळलं.

उजवा कान लगेच लागला. आजोबांचा चेहरा उजळला. पंख्याकडे बघून म्हणाले, "हा असा आवाज करतो?"

डावा मात्र ढिम्म.

"काही फरक?"

"आहे, पण उजव्यासारखा नाही."

मी डावीकडचा आवाज दोन डेसिबलने वाढवला. मग चारने. मग सहाने. मशीन शिट्टी मारू नये म्हणून एक चाचणी असते, त्यात कानात खरखरीत आवाजाचे झोत सोडतात, माणूस दचकतो. मी ती डावीकडे लावली. आजोबा देवळात बसल्यासारखे शांत. डाँगल काढून दुसऱ्या भोकात घातला. ड्रायव्हर पाहिला. लॅपटॉप बंद करून चालू केला. कंपनीच्या हेल्पलाइनला फोन केला, तर तिथल्या मुलाने, "मॅम, एकदा रीस्टार्ट करून बघा," असा सल्ला दिला.

"क्रॉस कनेक्शन," मेहुणे म्हणाले.

मी हसले. आता सांगायला लाज वाटते, पण चांगली दात दाखवून हसले. "काका, हे टेलिफोनचे खांब नाहीत. २.४ गिगाहर्ट्झवर चालतं. डिजिटल आहे. यात क्रॉस कनेक्शन होत नसतं."

"बरं," म्हणाले आणि डबा कुरवाळत बसले.

प्लायवुडच्या पलीकडे काय चाललं होतं ते मला रिसेप्शनवरच्या मुलीने नंतर साग्रसंगीत सांगितलं. कळव्याच्या एक मावशी मशीन साफ करून घ्यायला आल्या होत्या. मशीन त्याच कंपनीचं, त्याच मॉडेलचं, माझ्याकडूनच घेतलेलं. मावशींना एक चाळा आहे. त्या डाव्या मशीनच्या सेलचं झाकण उघडतात, मिटतात, उघडतात, मिटतात, बाकीच्या बायका पदराशी खेळतात तशा. आणि झाकण मिटलं की मशीन नव्याने सुरू होतं आणि पहिली काही मिनिटं हवेत हात पसरून "मला कोणी जोडा" म्हणत असतं. मीच जोडून घेतलं.

आत मी दोन डेसिबल वाढवले तेव्हा मावशी म्हणाल्या, "टीव्हीचा आवाज जरा कमी कर गं." टीव्ही मुका होता. मी चार वाढवले तेव्हा त्यांनी पोरीला शेंगा सोलणं थांबवायला लावलं. सहाला त्यांनी खालच्या रिक्षावाल्याला खिडकीतून दम भरला. शिट्टीच्या चाचणीला तर उठून उभ्याच राहिल्या आणि म्हणाल्या, "घोडबंदर रोड खणून झाला का? आता मेट्रो इथून नेतायत?"

हे सगळं मी आत ऐकत होते. मला वाटलं, मावशी आज जरा तापट आहेत.

शेवटी मी आवाज वाजवून मशीन ओळखायचं बटण दाबलं. ते दाबलं की त्या मशीनमध्ये टिंग वाजतं.

"वाजलं, आजोबा?"

"नाही."

पलीकडून मावशी म्हणाल्या, "कुणाचा फोन वाजतोय बघा."

मेहुण्यांनी डबा खाली ठेवला. हे त्यांनी दीड तासात पहिल्यांदाच केलं. भिंतीला कान लावला. "मॅडम, परत दाबा."

मी दाबलं.

"अहो, उचला ना तो फोन!" मावशी ओरडल्या.

मेहुणे उठले, बाहेर गेले, दार सताड उघडं ठेवलं आणि मावशींसमोर उभे राहून एक हात वर केला. खांबावर चढलेला लाइनमन खालच्याला खूण करतो, तसा. "दाबा!"

टिंग.

"वाजला," मावशी म्हणाल्या.

"सोडा! दाबा!"

टिंग.

"वाजला. कोण आहात तुम्ही?"

बाहेर आणखी चार पेशंट बसलेले. निम्म्यांना ऐकू येत नव्हतं, पण दिसत सगळ्यांना होतं. मेहुणे दारात परत आले. चेहऱ्यावर तीस वर्षांची नोकरी. म्हणाले काहीच नाहीत. म्हणाले असते तर मला भांडता तरी आलं असतं. नुसते आजोबांकडे बघून दोन्ही हातांच्या तर्जन्या एकमेकींवर आडव्या ठेवल्या.

पुढचं निस्तरायला चाळीस मिनिटं गेली. मावशींची जुनी नोंद नोआमध्ये शाबूत होती, ती त्यांच्या मशीनमध्ये परत भरली. मग आजोबांचं खरं डावं मशीन जोडलं, भिंगातून नंबर वाचून. तो वाचताना मेहुणे माझ्या खांद्यावरून मोठ्याने पडताळत होते, "सात... सात. दोन... दोन. पुढे?"

शेवटची तपासणी राहिली होती. कानात बारीक नळी घालायची, समोरच्या स्पीकरवर बोलणं लावायचं आणि कानाच्या पडद्याजवळ खरोखर किती आवाज पोचतो ते मोजायचं. त्यासाठी एक आंतरराष्ट्रीय ध्वनी वापरतात. अमेरिकन इंग्रजी, अरबी, चिनी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश अशा सहा भाषांतल्या बायकांचं बोलणं कापून, बारीक तुकडे करून शिवलेली गोधडी. ऐकायला भाषा, अर्थ शून्य. मुद्दामच तसं केलंय. मराठी ठिगळ त्यात नाही, ते असो. रेषा सूत्राच्या रेषेवर अगदी चपखल बसली. इतकी सुंदर जुळलेली रेषा मला महिन्यात दोनदाही मिळत नाही.

"कसं वाटतंय, आजोबा?"

"ऐकू स्वच्छ येतंय," आजोबा म्हणाले, "पण कळत काही नाही."

मेहुण्यांनी सुस्कारा सोडला. "फॉल्ट अजून आहे."

गोधडीचं स्पष्टीकरण मी तीनदा दिलं. त्यांनी ते सज्जन माणूस बायकोच्या माहेरची स्तुती ऐकतो तसं ऐकून घेतलं. मग बिल आलं, आणि पाचशे रुपये गेले. मशीनच्या किमतीवर कुणी हूं की चूं करत नाही. कात्री लागते ती फिटिंगवर, कारण फिटिंग दिसत नाही. अडीच तास बसले, घसा कोरडा पडला, पण दिसलं काय? बाई बटणं दाबत होती. खोक्यात भरून दिलं असतं तर बहुतेक पूर्ण पैसे मिळाले असते. आणि हे मी मेहुण्यांना म्हणू शकले नाही, कारण त्या एका दिवसापुरतं त्यांचं म्हणणं खरं होतं.

जाताना त्यांनी डबा मागितला. "तुम्हाला तरी काय उपयोग आता?" मी दिला नाही. तेवढी एक गोष्ट मी त्या दिवशी धड केली.

आज सकाळी मावशींचा कळव्याहून फोन आला. मशीन साफ झालंय, छान झालंय, पण आवाज पूर्वीसारखाच आहे, तक्रार नाही, सहज सांगितलं. मी म्हटलं, "मावशी, तुमच्या कानाला तेवढाच बरोबर आहे. जास्त दिला तर उरलेला कानही बिघडेल."

"तसं नाही गं," त्या म्हणाल्या, "त्या दिवशी मधेच फार लखलखीत झालं होतं. शेंगा सुद्धा ऐकू येत होत्या. ते हात वर करून उभे होते ना, टेलिफोनवाले, ते परत कधी बसणार आहेत?"