चार पिशव्या दूध

माझ्या आईच्या फ्रिजमध्ये रोज दुधाच्या चार पिशव्या असतात. घरात माणसं तीन, त्यातल्या एकाने चहा सोडलाय. यावरून आई आणि माझ्या भावजयीचं गेली बारा वर्षं जे काही चालू आहे ते इथे लिहीत नाही, दोघी फेसबुकवर आहेत.

मागच्या आठवड्यात बडोद्यात दांडिया बाजारला माहेरी गेले तर भावजयीचं परत तेच, ताई आज पण एक पिशवी नासली. मी नेहमीसारखं बोलून गेले की अगं सोड, तिचा स्वभावच तसा आहे. आई ओटा पुसत होती, वळली पण नाही. म्हणाली, "ब्याऐंशीला भावाला साखरेचं पाणी पाजत बसली होतीस तू. तुला कुठलं आठवणार."

८२चं तोफान. (बडोद्यात आम्ही मराठी लोकंही दंगल नाही म्हणत, तोफानच म्हणतो.) मी सहा वर्षांची, भाऊ आठ महिन्यांचा, बाहेर कर्फ्यू. दोन तास ढील मिळायची तेव्हा वाड्यातल्या बायकाच बाहेर पडायच्या कारण पुरुष दिसला की पोलीस उचलतील ही धास्ती, तर आई दुधाच्या रांगेत उभी होती, पुढच्या बाईला मिळालं आणि हिचा नंबर आला तेवढ्यात जीपमधून ओरडा सुरू, चलो घर चलो. रिकामं भांडं घेऊन आली. बस, एवढंच. आमच्या घरावर दगड पडला नाही की कोणाला खरचटलं नाही, म्हणून ४३ वर्षं आमच्याकडे एकच वाक्य आहे, देवाच्या दयेने आपल्याला काही झालं नाही.

मला या वाक्याचाच राग येतो हल्ली. आईला रात्री छातीत धडधडतं, हात गार पडतात, लग्नाच्या वरातीत फटाके लागले की ती आधी मागच्या दाराची कडी बघते. डॉक्टरांकडे तीनदा ईसीजी झाला, नॉर्मल, गॅसची गोळी दिली. कोणी विचारलंच नाही की आजी, भीती कसली वाटते? पीटीएसडी, म्हणजे पोस्ट ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर, मोठा आघात होऊन गेल्यानंतर मागे राहणारा मनाचा आजार, हे नाव १९८० साली अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या यादीत आलं, व्हिएतनामहून आलेल्या सैनिकांमुळे, आणि हा आजार बायकांत पुरुषांच्या जवळपास दुप्पट आढळतो. पण त्यातला 'पोस्ट' आमच्याकडे कधी आला सांगा? ६९, ८२, २००२, २००६, २०१४, परवा परवा २०२३ची रामनवमी. जखमेवर खपली धरेपर्यंत पुढचं तोफान हजर. आईला पीटीएसडीच आहे असं मी म्हणत नाही, मी डॉक्टर नाही, पण 'स्वभाव' म्हणून जे आम्ही हसण्यावारी नेलं तो स्वभाव नव्हता एवढं नक्की.

आणि ज्यांना खरंच झालं त्यांचं काय. २००२मध्ये १ मार्चच्या रात्री हनुमान टेकडीला बेस्ट बेकरीत १४ माणसं मारली गेली. माझी शाळेतली मैत्रीण त्याच आठवड्यात अंगावरच्या कपड्यांनिशी तांदळजाला, मुसलमान वस्तीत, गेली ती कायमची. मुलाला यायला दहा मिनिटं उशीर झाला की तिला आधी ओकारी होते, मग ती फोन लावते. रिक्षावाल्याने नाव विचारलं तर आजही एक क्षण थांबते. तिचं आणि आईचं एका मापाचं नाही, उगीच बरोबरी मला करायची नाहीये. पण आई ज्या बाईच्या मागे रांगेत होती ना, ती मागच्या गल्लीतली मुसलमान बाई होती आणि आईला तिचं नाव अजून आठवतं. माझ्या मुलीला 'त्या बाजूच्या' एकाही बाईचं नाव माहीत नाही. नुसती भीती तेवढी वारशाने मिळाली.

आता माझं पण सांगते. २०१४, नवरात्र, मोबाईलचं नेट बंद, मुलगी अकरावीत. मी तिचे गरबे बंद केले, समजू शकतो, पण संध्याकाळचा क्लासही बंद केला आणि तो दिवाळीनंतरही सुरू करू दिला नाही, अख्खी फी बुडाली. शहर चार दिवसांत सुरळीत झालं होतं. ती रडून म्हणाली दगड मुलं मारतात आणि घरात मी बसायचं? मी काय उत्तर दिलं ते लिहायची लाज वाटते. तिने नंतर सायन्स सोडलं.

निम्हान्सच्या (बंगळुरूची मानसिक आरोग्याची सरकारी संस्था) २०१५-१६च्या सर्व्हेत, त्यात गुजरातही होतं, डिप्रेशन, घबराट अशा नेहमीच्या आजारांची सुमारे ८५ टक्के माणसं उपचाराविना होती. आई त्यातलीच. म्हणून रविवारी टेली मानसला, सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाईनला, फोन लावला, १४४१६, फुकट आहे, रात्रीपण लागतो. आई आधी म्हणे मी काय वेडी आहे का, मग फोन हातात घेऊन मला कुजबुजत विचारते, "मराठीत बोलू की गुजरातीत?" गुजरातीत बोलली. वीस मिनिटं. मी गॅलरीत जाऊन उभी राहिले, तरी "दूध" एवढं तीनचारदा ऐकू आलं.

पिशव्या अजून चारच येतात. भावजयीने काल पनीर केलं.