खुलासा : न जेवणं म्हणजे ‘थेरं’ नव्हेत

सांगलीतल्या काही व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज फिरतोय : ‘ॲनोरेक्सिया वगैरे आजार नाहीत, पोरींची थेरं आहेत, दम दिला की जेवतात.’ हे चूक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत ॲनोरेक्सिया (वजन वाढण्याच्या भीतीनं जेवण तोडणं) आणि बुलिमिया (खूप खाऊन मग मुद्दाम उलट्या वगैरे करून ते बाहेर काढणं) दोन्ही आहेत. ॲनोरेक्सिया नर्व्होसा हे पूर्ण नाव तर १८७३ सालचं. डाएट सुरू करणं एखादीच्या हातात असेलही. पण उपासमारीनं मेंदूचं कामच बदलतं, मग थांबणं हातात राहत नाही. वारंवार मुद्दाम उलट्या केल्या की पोटॅशियम घसरतं, हृदयाचे ठोके बिघडतात. तिथं दम काय करणार? आनुवंशिकताही असते. हा आजार मुलग्यांनाही होतो, बरं का. संकष्टीच्या उपासाशी याची तुलना नको. तिथं चंद्रोदयानंतर माणूस मोदकांवर ताव मारतो. मानसोपचारतज्ज्ञ आणि आहारतज्ज्ञ दोघांनाही दाखवा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीतही बोलता येतं.