म्हणे प्रिंटर ऑफलाइन!

समोर हिरवा दिवा लावून ढिम्म बसलाय, आणि कॉम्प्युटर म्हणतो ऑफलाइन! कोथरूडला पावसाचे चार थेंब पडले की लाइट जाते. परत आली की राउटर कधीकधी प्रिंटरला नवा आयपी अ‍ॅड्रेस, म्हणजे नेटवर्कमधला पत्ता, देतो, आणि कॉम्प्युटर आपला जुन्याच पत्त्यावर पानं धाडत बसतो. रांगेतली प्रिंट रद्द करावी तर नुसतंच ‘डिलीटिंग’. मग विंडोजच्या सर्व्हिसेसमध्ये जा, प्रिंट स्पूलर, म्हणजे प्रिंटची रांग सांभाळणारा प्रोग्रॅम, थांबवा, विंडोजच्या सिस्टीम३२ फोल्डरमधल्या स्पूलच्या पोटातलं प्रिंटर्स फोल्डर रिकामं करा, स्पूलर पुन्हा चालू करा. कशासाठी? लेकीच्या एका पानाच्या हॉल तिकिटासाठी! राउटरमध्ये प्रिंटरचा पत्ता कायमचा बांधून टाकता येतो, हो. पण राउटरचा पासवर्ड केबलवाल्याकडे, आणि तो फोन उचलेल तर शपथ. वर आई विचारणार, “कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून का नाही आणत रे?”