बटणापासून एक बोट लांब

रविवारी रात्री पिंट्या पार्क चौकातल्या कट्ट्यावर आला तो थेट भुताचा सिनेमा बघून. "हात गार पडले बे माझे," म्हणाला. "असली भीती खऱ्या आयुष्यात कुठं वाटतीय?"

अण्णांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. "त्र्याण्णवला तू जन्मला होतास का?"

३० सप्टेंबर १९९३. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालेलं, घरोघरी माणसं दमून झोपलेली. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी अण्णांच्या घरातल्या मांडणीवरची भांडी वाजायला लागली. मांजर असेल म्हणून आई झोपेतच "हाड" म्हणाली. मग खाटच सरकली. "आपलं सोलापूर वाचलं, पण मावशी किल्लारीकडं. दोन दिवस काही कळंना, कोण आहे अन् कोण गेलं." तिकडं दगडमातीच्या जाड भिंती आणि वर माळवदाचं ओझं. झोपेतच हजारो माणसं गाडली गेली. मावशीचं काय झालं हे अण्णांनी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही.

पिंट्या थोडा गप्प झाला, पण हटला नाही. "भूकंप रोज होतोय का अण्णा? अन् सिनेमा खोटा आहे हे माहीत असूनही आपण घाबरतोच की. मग ताकद कुणाची?"

मुद्दा खरंच चांगला होता. बबन म्हणाला, "हंगामात रात्री मोहोळहून पंढरपूरला गाडी चालवून बघ. उसाच्या दोन ट्रॉल्या, मागं ना दिवा, ना रिफ्लेक्टर. समोरच्याचा अप्पर डोळ्यात. ऊस दिसतो तवा ब्रेकला जागा उरलेली नसती."

मग मी माझं सांगितलं, पहिल्यांदाच.

आमच्याकडं नळाला रोज पाणी नसतं, येईल तेव्हा उठायचं. त्या रात्री तीनच्या सुमारास आईनं हाक मारली, "पाणी आलंय रे." मी अंधारातच स्वयंपाकघरात गेलो, हात बटणाकडं गेला आणि वास आला. गॅसला मूळचा वास नसतो, गळती कळावी म्हणून मुद्दाम घातलेला असतो. त्या वासानंच माझा हात अडवला. बोट बटणापासून एवढंसं लांब. हा गॅस हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो. म्हणजे मी त्यातच अनवाणी उभा होतो.

तेवढ्यात खालून आईचा आवाज, "मोटर लावू का?"

"काही लावू नको! बाहेर जा!" हा आवाज माझाच होता, पण मला ओळखू आला नाही. फ्रिज बंद होता, पण तो आपोआप कधीही सुरू होणार. आधी मागचं दार उघडलं, मग चाचपडत रेग्युलेटर बंद केला. आईला घेऊन रस्त्यावर आलो आणि तिथून गॅसगळतीच्या तक्रारीच्या नंबरला, १९०६ ला फोन लावला. पाय लटपटायला लागले ते त्यानंतर. नळी रेग्युलेटरजवळ चिरली होती. तिच्यावर छापलेलं साल कधीच उलटून गेलं होतं. ते वाचणं माझं काम होतं, मी कधी वाचलंच नव्हतं.

सिनेमात संगीत आधी सांगतं, आता घाबरा. त्या रात्री सगळं गप्प होतं, फक्त नळाची धार ऐकू येत होती.

यावर पिंट्यानं वाद घातला नाही. गाडीला किक मारताना एवढंच विचारलं, "ते साल नळीवर नेमकं कुठं असतं रे?"