‘फोमचे बोळे पुरतात’ या प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार.

शिकार आणि नेमबाजीसाठी इलेक्ट्रॉनिक इअरबड कसे निवडावेत, या लेखावर तुम्ही तीन हरकती घेतल्या आहेत. कानात घालायच्या फोमच्या साध्या बोळ्यांवर ३३ एनआरआर (नॉइज रिडक्शन रेटिंग, म्हणजे आवाज किती डेसिबलने कमी होतो त्याचा आकडा) छापलेला असतो आणि महागड्या इअरबडवर २५. मग जास्त पैसे मोजून कमी संरक्षण का घ्यायचं, ही पहिली. बंदुकीचा आवाज इतक्या झटक्यात येतो की सर्किट जागं होईपर्यंत तो पडद्यावर आदळलेला असतो, ही दुसरी. आणि शिकारीत दिवसभरात एखादाच बार होतो, तेवढ्यासाठी कान झाकायची गरज नाही, ही तिसरी. पहिलीत बरंच तथ्य आहे, दुसरी गैरसमजावर उभी आहे आणि तिसरी धोक्याची आहे. सुरुवात दुसरीपासून करतो, कारण ती सुटली की पहिलीही निम्मी सुटते.

सर्किट बाराचा आवाज ‘बंद’ करतं, ही समजूत जाहिरातींमुळे पसरली आहे. प्रत्यक्षात इअरबड हा आधी बोळा असतो आणि मग यंत्र. तो कानात बसला की आवाजाला आत जायला दोन वाटा उरतात. एक वाट बोळ्याच्या कडेने, त्याच्या अंगातून आणि कवटीच्या हाडातून जाते. तिच्याशी इलेक्ट्रॉनिक्सचा काही संबंध नाही. तिथे फक्त टीप (कानात जाणारं फोमचं किंवा सिलिकॉनचं टोक) किती घट्ट बसली आहे ते चालतं. दुसरी वाट बाहेरचा माइक, मधली चिप आणि आतला छोटा स्पीकर अशी आहे. बाहेर १६० डेसिबलचा बार झाला म्हणून तो स्पीकर आत १६० डेसिबल काढू शकत नाही. त्याची ताकदच मुळात मर्यादित असते, आणि चिप त्याला त्याहूनही खाली, बहुतेक उत्पादनांत ८२ ते ८५ डेसिबलच्या आसपास, रोखून धरते.

बंदुकीच्या तोंडाशी होणारा दाबाचा उसळा काही मायक्रोसेकंदांत शिखर गाठतो. त्याला गाठू शकेल असं सर्किट शोधत बसण्यात अर्थ नाही, कारण त्या शिखराला अडवायचं काम सर्किटकडे नाहीच, ते टीपकडे आहे. म्हणूनच बॅटरी संपली तरी इअरबडचं संरक्षण संपत नाही. तुम्हाला आजूबाजूचं ऐकू येणं तेवढं थांबतं. खोक्यावर ठळक छापलेला अटॅक टाइम (मोठा आवाज दाबायला सर्किट घेतं तो वेळ) हा खरेदीचा निकष म्हणून मी जवळजवळ शेवटी ठेवतो.

त्याऐवजी बारानंतर काय होतं ते पाहा. जुन्या आणि स्वस्त रचनेत मोठा आवाज आला की माइक तोडला जातो आणि क्षणभराने परत जोडला जातो. त्या क्षणात सोबत्याने ‘थांब’ म्हटलेलं किंवा रेंज ऑफिसरने ‘सीझ फायर’ पुकारलेलं गिळलं जाऊ शकतं, आणि शॉटगनचे दोन बार लागोपाठ झाले तर आवाज तुटक तुटक येतो. कॉम्प्रेशन पद्धतीत मोठा आवाज दाबला जातो पण वाट बंद होत नाही. बाराच्या मागोमाग आलेला शब्दही ऐकू येतो. निवडताना हा फरक विचारा. तो खोक्यावर क्वचितच स्पष्ट लिहिलेला असतो, पण माहितीपत्रकात सापडतो.

आता एनआरआर. हा आकडा अमेरिकेतल्या एएनएसआय या मानकसंस्थेच्या एस ३.१९-१९७४ या मानकानुसार प्रयोगशाळेत काढतात. त्या चाचणीत बोळे कानात घालतो तो प्रयोग करणारा तज्ज्ञ, वापरणारा माणूस नव्हे. प्रत्यक्षात माणसं ते घाईने आणि अर्धवट घालतात, म्हणून नायॉश या कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेने छापील आकडा कापून घ्यायचा सल्ला दिला होता: इअरमफसाठी (अख्खा कान झाकणारे कप) २५ टक्के, फोमच्या बोळ्यांसाठी ५० टक्के आणि बाकीच्या बोळ्यांसाठी ७० टक्के. सिलिकॉन टीपचे इअरबड या शेवटच्या गटात मोडतात, हेही इथेच सांगायला हवं. म्हणजे हा मुद्दा इलेक्ट्रॉनिक इअरबडच्या बाजूने जात नाही. तो नीट न बसवलेल्या प्रत्येक बोळ्याच्या विरोधात जातो.

दुसरी गोष्ट, एनआरआर सलग आवाजावर मोजतात. गोळीबारासारख्या क्षणिक आवाजासाठी तो अचूक मार्गदर्शक नसेल, असा इशारा अमेरिकी नियमांनुसार पाकिटावरच छापलेला असतो. त्यामुळे १६५ मधून ३३ वजा करून निकाल काढू नका. क्षणिक आवाजासाठी वेगळी चाचणी आहे: एएनएसआय एस १२.४२, २०१० ची आवृत्ती. तीत १३२, १५० आणि १६८ डेसिबलच्या शिखरांवर कानात किती घट झाली ते मोजतात. ज्या उत्पादकाने हे तिन्ही आकडे दिले असतील, त्याचं पारडं माझ्या लेखी जड. युरोपीय मालावर ईएन ३५२-७ असं लिहिलेलं शोधा. आवाजाच्या पातळीनुसार बदलणाऱ्या बोळ्यांसाठीचा तो भाग आहे. नुसतं ‘ईएन ३५२’ पुरेसं नाही, कारण ३५२-२ हा साध्या बोळ्यांचा भाग आहे आणि तो माइक-स्पीकरच्या वाटेबद्दल काही सांगत नाही.

तुमचं म्हणणं कुठे बरोबर आहे ते मोकळेपणाने सांगतो. ठरावीक जागेवर बसून कागदी निशाणावर मारायचं असेल, तर नीट बसवलेला फोमचा बोळा आणि त्यावर इअरमफ यापेक्षा चांगलं काही नाही. बंदिस्त रेंजवर किंवा मझल ब्रेक (नळीच्या तोंडावर बसवलेला, बंदुकीचा धक्का कमी करणारा भाग) लावलेल्या रायफलीशेजारी तर दुहेरी संरक्षणच हवं. ब्रेकमुळे वायू मागे आणि बाजूला वळतात आणि मारणाऱ्याच्या कानापाशी शिखर आणखी ५ ते १० डेसिबलने चढू शकतं. दुहेरीने आकड्यांची बेरीज होत नाही, दोघांतल्या मोठ्या आकड्यावर साधारण ५ डेसिबलची भर पडते, कारण पुढे हाडातून जाणारा आवाज उरतोच. तरी ती भर मोलाची आहे. आणि इअरमफ इलेक्ट्रॉनिक घेतलात तर आत फोमचा बोळा असूनही त्याचा आवाज वाढवून सूचना ऐकता येतात. पैसे वाचवायचे असतील तर रेंजसाठी हीच जोडी घ्या. इअरबडची तिथे गरज नाही.

शिकारीत गणित बदलतं. तिथे पाचोळ्यातलं पाऊल, फांदीची हालचाल, सोबत्याची कुजबुज ऐकायची असते. फोमचा बोळा हे सगळं पुसून टाकतो, म्हणून माणूस तो खिशात ठेवतो, ‘वेळ आली की घालू’ म्हणतो, आणि वेळ येते तेव्हा दोन्ही हात बंदुकीवर असतात. खिशातल्या ३३ पेक्षा कानातले २५ केव्हाही जास्त. इअरमफ हाही पर्याय आहे, पण गाल दस्त्याला टेकवला की त्याचा कप दस्त्यावर आपटून कडेने उचलला जातो, आणि चष्म्याची काडी गादीखाली फट पाडते. इअरबडला या दोन्ही अडचणी नाहीत.

‘एखादाच बार’ या मुद्द्याकडे आता येतो. प्रौढांसाठी क्षणिक आवाजाची मर्यादा १४० डेसिबल शिखर अशी धरतात, मुलांसाठी १२०. पॉइंट टू-टू रायफल १४० च्या आसपास पोहोचते; शॉटगन, पिस्तुलं आणि मोठ्या काडतुसांच्या रायफली १५० ते १७० मध्ये येतात. डेसिबलमध्ये २० ची वाढ म्हणजे दाब दहापट. इतक्या दाबाला कानातल्या केसपेशी थकत नाहीत, त्या यांत्रिकपणे मोडतात, आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. त्यामुळे एका असुरक्षित बारानेही कायमचं नुकसान होऊ शकतं.

बारानंतर कानाला दडे बसतात, शिट्टी वाजते आणि दुसऱ्या दिवशी सगळं पूर्ववत वाटतं, हा अनुभव तुम्ही पुरावा म्हणून दिला आहे. तो पुरावा ठरत नाही. शेरॉन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी २००९ मध्ये उंदरांवर प्रयोग प्रसिद्ध केला. आवाज बंदुकीचा नव्हता, सलग होता. श्रवणाची पातळी काही दिवसांत जागेवर आली, केसपेशीही शाबूत राहिल्या, पण त्यांना मज्जातंतूंशी जोडणारे सांधे मोठ्या संख्येने कायमचे गेले होते. म्हणजे श्रवणचाचणी स्वच्छ आली म्हणून कान बिनधोक, असा निष्कर्ष काढता येत नाही. बंदुकीने होणारी घट आधी ३००० ते ६००० हर्ट्झच्या पट्ट्यात दिसते, आणि उजव्या खांद्यावरून रायफल मारणाऱ्यांचा डावा कान सहसा जास्त बिघडतो, कारण तो नळीच्या तोंडाकडे असतो आणि उजव्याला डोक्याचा आडोसा मिळतो. सोबत्यालाही हेच लागू आहे. तो नळीच्या तोंडाच्या जास्त पुढे असेल तर तुमच्याहून मोठा आवाज झेलतो.

टीप कशी बसवायची, यावर मूळ लेखात दोनच ओळी होत्या. खरं तर सगळं तिथेच ठरतं. दोन्ही कानांच्या नळ्या एकाच मापाच्या असतील असं नाही; डावीकडे मध्यम आणि उजवीकडे लहान टीप लागू शकते. फोमची टीप बोटांत वळून बारीक, बिनसुरकुतीची करा. दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाची पाळी वर आणि मागे ओढा म्हणजे नळी सरळ होते. मग टीप आत सरकवा आणि ती फुगेपर्यंत २० ते ३० सेकंद बोटाने धरून ठेवा. हे शेवटचं धरणं बहुतेक लोक टाळतात. सोडून दिली तर टीप फुगताना स्वतःच बाहेर सरकते. सिलिकॉनच्या टीपला वळायची गरज नसते, पण पाळी ओढून, किंचित फिरवत आत न्यावी लागते.

बसल्याची परीक्षा यंत्र बंद ठेवूनच करा. बाहेर सलग एकसारखा आवाज चालू असताना ओंजळी कानांवर घट्ट दाबा आणि सोडा. फरक जाणवला तर टीप गळते आहे. यंत्र चालू केल्यावर आवाज डब्यातून आल्यासारखा किंवा दुहेरी वाटला, तरीही फटीची शंका घ्या: कडेने आलेला आवाज आणि चिपमधून किंचित उशिरा आलेला आवाज एकमेकांत मिसळत असतात. मग जबडा हलवा, तोंड उघडा, गाल दस्त्याला टेकवा आणि पुन्हा ओंजळीची परीक्षा घ्या. सिलिकॉनच्या टीप इथे हमखास ढिल्या पडतात. म्हणून शिकारीसाठी मी फोमच्या टीप सुचवतो, जरी त्या घामाने आणि मळाने लवकर खराब होतात. फोम हळूहळू फुगत नसेल, कडक झाला असेल, तर टीप बदला.

ढिलेपणा लक्षात न येता वाढतो, हाच यातला खरा धोका. अमेरिकी सैन्याला पुरवलेल्या थ्रीएम या अमेरिकी कंपनीच्या दुतोंडी ‘कॉम्बॅट आर्म्स’ बोळ्यांवर हाच आरोप होता: दांडा आखूड असल्याने काहींच्या कानात बोळा नकळत सैल होतो. कंपनीने जबाबदारी मान्य न करता २०१८ मध्ये अमेरिकी सरकारला ९१ लाख डॉलर दिले आणि २०२३ मध्ये सैनिकांच्या दाव्यांवर सुमारे ६ अब्ज डॉलरची तडजोड केली. ते बोळे इलेक्ट्रॉनिक नव्हते, पण टीपचा धडा तोच.

ऐकू येण्याची बाजू. प्रत्येक कानाचा माइक स्वतंत्र हवा, नाहीतर दिशा कळत नाही. डावी-उजवी तर चांगल्या इअरबडमध्ये बऱ्यापैकी समजते. पुढचं-मागचं मात्र गोंधळतं, कारण ते ओळखायला कानाच्या पाळीचा आकार लागतो आणि माइक पाळीच्या बाहेरच्या बाजूला असतो. डोळे मिटून बसा, कुणाला तरी वेगवेगळ्या बाजूंनी टाळी वाजवायला सांगा, आणि डोकं किंचित वळवून दिशा पक्की करायची सवय लावा. एका बाजूचा आवाज जास्त ठेवलात तर सगळे आवाज तिकडे ओढले जातात, तेव्हा दोन्ही समान ठेवा. वाढही बेताचीच असू द्या. बसून वाट पाहताना थोडी चढवा, चालताना नैसर्गिक पातळीवर आणा, नाहीतर स्वतःच्या जाकिटाची सळसळ आणि वारा यांखाली बाकी सगळं दबतं. शांत जागी यंत्राची स्वतःची सळसळ किती येते, ते घेण्याआधी ऐकून पाहा. स्वस्त इअरबड इथेच मार खातात.

गारठ्यात लिथियम बॅटरी लवकर उतरते. चार्जिंगची डबी आतल्या खिशात ठेवा. काही इअरबड बराच वेळ बटण न दाबल्यास आपोआप बंद होतात; मचाणावर तासन्‌तास बसणाऱ्याने ही सोय घालवता येते का ते आधी पाहावं. ब्लूटूथ शिकारीत बंदच ठेवा. दोन्ही बाजूंना जोडणारी दोरी असलेला इअरबड पालापाचोळ्यात हरवत नाही. एका कानात आवाज बारीक झाला तर बिघाड समजण्याआधी स्पीकरच्या तोंडावरची जाळी पाहा, बहुतेक वेळा मळच अडकलेला असतो. जाळी बदलता येणारं मॉडेल घ्या.

संगीताचे नॉइज कॅन्सलिंग इअरबड चालतील का, असंही तुम्ही शेवटी विचारलं आहे. नाही. त्यांचं आवाज खोडणं विमानाच्या घरघरीसारख्या सलग, खालच्या सुरांसाठी असतं. अॅपलने तर एअरपॉड्स प्रो २ मधलं श्रवणसंरक्षण गोळीबारासारख्या आवाजांसाठी योग्य नसल्याचं स्वतःच लिहिलं आहे.

तुमच्याकडे फोमचे बोळे आणि साधे इअरमफ आहेतच, तर रेंजसाठी काही घेऊ नका. शिकारीसाठी इअरबड घेणार असाल तर फोमच्या टीप बसणारे, कॉम्प्रेशनवर चालणारे, क्षणिक आवाजाच्या चाचणीचे आकडे दिलेले घ्या, आणि टीपचे किमान तीन आकार सोबत येतात का ते पाहा. फोमचा बोळा कानात ठेवूनही तुम्हाला हवं ते ऐकू येत असेल आणि बाराच्या वेळी तो खरोखर तिथेच असेल, तर तोही बदलायची गरज नाही.