आत्याची पत्रिका लिनक्सवर

आमच्या आत्याला ज्योतिषी म्हटलेलं अजिबात चालत नाही. ती फक्त "पत्रिका काढून देते". भविष्य सांगत नाही, पैसे घेत नाही (नारळ आणि ब्लाउजपीस धरायचे नसतील तर), मिरजेत आणि आजूबाजूला ज्यांच्या घरात लग्नाचं कोणी आहे ते फोन करून जन्मतारीख, वेळ, गाव सांगतात आणि आत्या कॉम्प्युटरवर टाकून छत्तीसपैकी किती गुण जुळले त्याचा प्रिंट काढून देते. हे ज्यावर चालतं ते सॉफ्टवेअर तिने विंडोज ९८ च्या काळात सीडीवर विकत घेतलेलं. बनवणाऱ्याचं ऑफिस कधीच बंद झालंय, सीडीच्या डबीवर जो फोन नंबर आहे तो सहा आकडी आहे, त्यावरून काय ते समजा.

मोबाईलवर फुकट ॲप्स ढिगाने पडलीत हे मी सांगून बघितलं. तिने एक लावून पाहिलंही. आधी कर्जाची जाहिरात आली, मग पत्रिका आली, आणि पत्रिकेखाली "तज्ज्ञांशी बोला, पहिली पाच मिनिटं फ्री" असं आलं. आत्या म्हणाली, तज्ज्ञाशी काय बोलायचं, मी इथेच बसलेय की. विषय संपला.

तर तिचा विंडोज एक्सपीवाला डेस्कटॉप गेला. गेला म्हणजे साधा नाही, धूर काढून गेला. तेव्हा आतेभावाने बंगलोरहून येताना त्याचा जुना लॅपटॉप आणून ठेवला, ज्याला विंडोज ११ घेत नव्हतं कारण त्यात टीपीएम २.० नावाची चिप नाही, आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून पठ्ठ्याने त्यावर विंडोजच्या जागी चालणारं फुकटचं लिनक्स मिंट टाकलं, आईला ब्राउझर आणि गणपतीचा वॉलपेपर दाखवला आणि दुसऱ्या दिवशी रात्रीच्या गाडीने परत गेला. पत्रिकेचं काय हा प्रश्न पडला तेव्हा तो धारवाडच्या आसपास असणार. मग फोन कुणाला, तर मला. मी पुण्यात आयटीत आहे. आयटीत मी बँकेच्या वेबसाईटवरची बटणं डावीकडची उजवीकडे करतो, पण मिरजेत आयटी म्हणजे आयटी.

विंडोजचं सॉफ्टवेअर लिनक्सवर चालवायला वाइन नावाचा प्रकार असतो. (नावावरून घरात जे विनोद व्हायचे ते झाले, ते सोडून देतो.) हे वाइन प्रकरण समजायला मला वेळ लागला पण एकदा समजलं की त्या लोकांच्या पाया पडावंसं वाटतं. त्यात विंडोज नसतंच. प्रोसेसरची नक्कलही नसते. तुमचा प्रोग्रॅम विंडोज समजून हाका मारत असतो, अगं खिडकी उघड, फाईल वाच, प्रिंटरला सांग, आणि त्या प्रत्येक हाकेला वाइन विंडोजच्या आवाजात "ओ" देतं आणि काम लिनक्सकडून करून घेतं. आता विंडोजला अशा हाका हजारोंनी आहेत आणि आतून तिचं काय चालतं ते बाहेरच्यांना दिसत नाही, त्यामुळे बाहेरून बघून बघून एकेक हाक लिहून काढायची. १९९३ ला सुरुवात केली, १.० हे व्हर्जन २००८ ला आलं. पंधरा वर्षं! आमच्याकडे स्प्रिंट, म्हणजे कामाचा एक हप्ता, पंधरा दिवसांची असते आणि तीही पुढे ढकलतात.

वाइनवाल्यांच्या साईटवर कुठलं सॉफ्टवेअर कितपत चालतं याची यादी असते, प्लॅटिनम, गोल्ड, सिल्व्हर, ब्राँझ आणि सरळ सरळ गार्बेज. आत्याला हे फार आवडलं. "म्हणजे गुणमेलनच की रे. आपलं किती येतंय?" आपलं यादीत नव्हतंच. स्थळच कुणी बघितलं नव्हतं.

लॅपटॉपला सीडीचा खण नाही, शेजारच्यांचा बाहेरून लावायचा ड्राइव्ह आणला, आणि मला वाटलं होतं सेटअपवरच गाडी अडणार, कारण तो सेटअप १६ बिटांचा, म्हणजे फारच जुन्या घडणीचा निघाला. पण तो बिनबोभाट चालला! गंमत बघा, आजच्या ६४ बिट विंडोजवर १६ बिटांचं काहीच चालत नाही, सोडूनच दिलंय त्यांनी, म्हणजे विंडोजच्या म्हाताऱ्या माणसांना खुद्द विंडोज ओळख देत नाही आणि इथे परक्याच्या घरी पाट मांडून ठेवलाय. मी खूश. मग आयकॉनवर डबल क्लिक केलं आणि काहीच झालं नाही.

काहीच होत नाही तेव्हा टर्मिनलमधून, म्हणजे आज्ञा टाईप करायच्या काळ्या खिडकीतून चालवायचं, मग वाइन बोलतं. आणि काय बोलतं! ओळीमागून ओळ, जवळजवळ सगळ्यांत "फिक्समी". म्हणजे ही हाक ऐकली पण उत्तर लिहायचं राहिलंय, कुणीतरी दुरुस्त करा. इतका प्रामाणिकपणा मी तरी सॉफ्टवेअरमध्ये पाहिला नव्हता. आत्या मागून वाचत होती, म्हणाली, "इतकं लाल काय येतंय, काळसर्प आहे का?" त्या सगळ्या गर्दीत कामाची ओळ एकच होती, व्हिज्युअल बेसिक ६ ची फाईल मिळत नाही. हे १९९८ चं व्हिज्युअल बेसिक म्हणजे त्या काळी अर्ध्या महाराष्ट्राचा हिशोब ज्यावर चालायचा ते, पतपेढी, दूध डेअरी, शाळेचे दाखले, सगळं. ते वाइनट्रिक्स नावाच्या स्क्रिप्टने बसवता येतं. बसवलं. मग एक ओसीएक्स (प्रोग्रॅमला लागणारा तयार सुटा भाग) नाही, ते शोधलं, मग दुसरं नाही.

मग खिडकी उघडली. राखाडी, कोपऱ्यात गणपती, आत्याने हात जोडले. आणि मधोमध "हे सॉफ्टवेअर या मशीनवर रजिस्टर नाही".

त्या काळी सीडी कॉपी होऊ नये म्हणून सी ड्राइव्हचा सिरियल नंबर बघायची पद्धत होती. नंबर फोनवर सांगायचा, तिकडून एक कोड मिळायचा. आता तिकडे कोणी नाही, आणि सी ड्राइव्ह तर लिनक्सवर नसतोच, वाइनचा सी ड्राइव्ह म्हणजे एक साधं फोल्डर. इथे मी हात टेकले होते, पण आत्या उठली, देव्हाऱ्याखालचा खण उघडला, पंचांगांच्या गठ्ठ्यातून एक पिवळा पडलेला कागद काढला, त्यावर दोन्ही होतं, मशीनचा नंबर आणि कोड, स्वतःच्या अक्षरात, वर "श्री" लिहून. आणि वाइनच्या सेटिंगमध्ये ड्राइव्हचा सिरियल नंबर हवा तो लिहिता येतो! लिहिला. जळून गेलेल्या कॉम्प्युटरचा नंबर लॅपटॉपने सांगितला आणि सॉफ्टवेअरने मान डोलावली. आत्याला यात काही विशेष वाटलं नाही, तिच्या मते आत्मा तोच असतो.

पुढे फॉन्ट. पत्रिकेत मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस, डॉलर, टक्के असा सडा पडलेला. तेव्हाचं मराठी युनिकोडमधलं, म्हणजे आजच्या सगळ्या भाषांच्या सामायिक अक्षरयादीतलं नव्हतं, इंग्रजी अक्षरांच्या जागांवर आपली अक्षरं रंगवून बसवलेली, तो फॉन्ट नसेल तर खालचं इंग्रजी उघडं पडतं. फॉन्ट सीडीत वेगळ्या फोल्डरमध्ये सापडला, वाइनच्या फॉन्टच्या फोल्डरमध्ये टाकला, राशी दिसायला लागल्या. प्रिंटर मात्र पहिल्या फटक्यात चालला, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, आणि प्रिंटरबद्दल लिहिण्यासारखं काही नाही हे वाक्य लिहायला मिळेल असं वाटलं नव्हतं.

तपासून घेऊ म्हणून आत्याने स्वतःची पत्रिका काढली, जन्म २३ तारखेचा, जुन्या प्रिंटशी तंतोतंत. माझी काढली, १९ तारीख, बरोबर. आतोबांची काढली, ७ जुलै, बरोबर. मला पुरणपोळी आणि डब्यात लाडू मिळाले आणि मी पुण्याला आलो.

पंधरवडाभर आनंदीआनंद होता. मग एक दिवस आत्याचा फोन, आवाज बारीक. एका मुलीच्या आईने भांडण काढलं होतं. "अहो काकू, आमच्या मुलीची रास मीन, बारशाला अक्षर त्यावरूनच काढलंय, आणि तुमच्या कागदावर मूळ नक्षत्र?" आता मूळ नक्षत्र म्हटलं की काय होतं हे ज्यांच्या घरात लग्नं ठरतात त्यांना सांगायला नको. ही मुलगी सासऱ्याला वाईट असा तिकडच्या सासऱ्यांनी कागद वाचल्या वाचल्या अर्थ काढलेला, आणि त्यांना आधीच बीपी.

मुलीचा जन्म ५ ऑगस्टचा. सॉफ्टवेअरने धरलेला ८ मे.

झालं असं होतं की आतेभावाने मिंट टाकताना भाषा ठेवली होती इंग्रजी, अमेरिकेची. वाइन तारखेची रीत तिथूनच उचलतं, आणि अमेरिकेत महिना आधी, दिवस नंतर. पण याच्यात खरी मेख अशी की व्हिज्युअल बेसिक समजूतदार आहे, तेरावा महिना नसतो हे त्याला कळतं, त्यामुळे २३/४ दिसलं की ते गपचूप उलटवून २३ एप्रिलच धरतं, कुणाला काही सांगत नाही. म्हणजे महिन्याच्या तेरा तारखेपासून पुढे जन्मलेले सगळे सुखरूप, आधीचे अमेरिकेत. आणि आतोबांचं ७/७ इकडून वाचा नाहीतर तिकडून. मी एसटीत बसून हिशोब केला, वर्षातले १३२ दिवस असे आहेत की त्या दिवशी जन्मलेल्या माणसाची पत्रिका आत्याकडे दुसऱ्याच कुणाची तरी निघणार. चंद्र साधारण दिवसाला एक नक्षत्र पुढे सरकतो, इथे महिनेच्या महिने सरकलेले.

लोकेल, म्हणजे भाषा आणि देशाची सेटिंग, बदलायचं. मी म्हटलं मराठी माणसाची पत्रिका, मराठी लोकेल देऊ. दिलं. तारखा सुधारल्या आणि अक्षरं पुन्हा गेली! कारण ती जुनी रंगवलेली अक्षरं इंग्रजीच्या जुन्या कोडपेजवर (कुठल्या आकड्याला कुठलं अक्षर याचा तक्ता) बसलेली, आणि मराठीला तसं जुनं कोडपेजच नाही, मराठी थेट युनिकोडच. शेवटी "इंग्रजी, भारत" दिलं तेव्हा तारखाही आपल्या आणि अक्षरंही जाग्यावर. मराठी नीट दिसण्यासाठी मराठी बंद करावी लागते हे आत्याला समजावण्याच्या फंदात मी पडलो नाही.

मग आम्ही तिची वही घेऊन बसलो. बारा तारखेच्या आतले सगळे शोधून परत प्रिंट. त्या मुलीचं मूळ नक्षत्र गेलं, मीन आली, सासऱ्यांचं बीपी त्यांच्या त्यांच्याकडे राहिलं. बाकीच्यांना आत्याने फोन करून "सुधारून आलंय हो, नव्या मशीनवर" असं सांगितलं, जणू काही अपग्रेड होतं.

एक जोडी मात्र राहिली. जुन्या प्रिंटवर २६ गुण. नव्यावर साडेसोळा, म्हणजे अठराच्याही खाली, आणि वर एकनाड, नाडीचे आठच्या आठ गेलेले. वहीत पुढे आत्याच्याच अक्षरात लिहिलं होतं, साखरपुडा झाला, पेढे मिळाले.

आत्या बराच वेळ दोन्ही कागद बघत राहिली. मग म्हणाली, "दोघं रात्री दोन-दोन वाजेपर्यंत फोनवर असतात म्हणे." नवा प्रिंट तिने घडी घालून चष्म्याच्या घरात ठेवला, जुना फायलीला लावला. आणि मला विचारलं, "ते अमेरिकेचं परत करता येतं का रे? म्हणजे कायमचं नको. लागलं तर."

येतं की. दोन आयकॉन करून दिले. एकाला मी "पत्रिका" नाव दिलं, दुसऱ्याचं तिने स्वतः टाईप केलं, "अडीअडचणीला".